शून्य कुठलं धरायचं?

पाटबंधारे खात्यातला मोजणीदार निवृत्त झाला म्हणजे त्याचा पगार थांबतो, मोजणी थांबत नाही. आमच्या कुरुंदवाडात असे एक मोजणीदार आहेत. त्यांचं खरं नाव सांगून उपयोग नाही, गावात ते कुणाला आठवत नाही. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव वाचतो आणि "म्हणजे मोजणीदारच की हो हे?" अशी खात्री करून मगच टपाल देतो.

शर्टाच्या खिशात पेन्सिल, पँटच्या खिशात पाच मीटरची टेप. लग्नात जेवायला बसले की ताट वाढून होण्याआधी टेबलाची उंची घेऊन झालेली असते. "एकोणतीस. तीस पायजे हुती. म्हणून आमटी सांडतीया." बँकेत गेले की काउंटर, दवाखान्यात गेले की खाट, पाव्हण्यांकडं गेले की जिन्याच्या पायऱ्या. त्यातली एक पायरी हटकून पाऊण इंच चढी निघते, आणि त्या घरातली माणसं त्यानंतर नेमकी तिथंच ठेचाळायला लागतात. मयताच्या घरी बांबू किती फुटांचे आणायचे हेही लोक त्यांनाच विचारतात. तिथं मात्र त्यांचं माप आजवर चुकलेलं नाही. तक्रार करायला कुणी परत आलेलं नाही, असं ते स्वतःच सांगतात.

आता हे वेड दुसऱ्या कुठल्या गावात असतं तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. पण कुरुंदवाड पडलं कृष्णा-पंचगंगेच्या संगमाला. इथं उंची हा गप्पांचा विषय नाही, संसाराचा आहे. पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. सांगलीच्या आयर्विन पुलाला 40 आणि 45. हे आकडे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतात. पलीकडं नृसिंहवाडीला पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की लोक दक्षिणद्वाराच्या स्नानाला धावतात आणि आम्ही कपाटातले खालचे कप्पे रिकामे करायला लागतो. आमच्या गावात मशिदींमध्ये गणपती बसतात, पीर आणि गणपती शेजारी शेजारी, त्याचं इथं कुणाला नवल वाटत नाही. वाद पेटतो तो 2005 ला पाणी कुणाच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं यावरून.

मोजणीदारांच्या हॉलच्या भिंतीवर ऑइलपेंटनं तीन रेषा आहेत : 2005, 2019, 2021. पहिल्या दोन जुन्या फरशीपासून मोजलेल्या. 2019 च्या पुरानंतर त्यांनी भराव टाकून हॉलची फरशी साडेसहा इंच उचलली. पुढं स्वयंपाकघरही उचलायचं होतं, पण पैसे हॉलमध्येच संपले. त्यामुळं आता हॉलमधून जेवायला जाताना एक पायरी उतरावी लागते. तिसरी रेषा अर्थातच नव्या फरशीपासून. रेषांकडं बघून कुणी सहज "कुठला पूर मोठा ओ?" असं विचारलं, की मोजणीदार आधी त्याला बसायला सांगतात. "तसं न्हाई सांगता येत. आधी शून्य कुठलं धरायचं ते ठरवू." चहा येतो, चहा संपतो, शून्य ठरत नाही.

अशा माणसाच्या डोक्यात भिंतीत फिशटँक बसवायचं आलं.

हॉल आणि जेवणघर यांच्यामधली साडेचार इंची भिंत पुरात फुगली होती, ती पाडायचीच होती. पुण्याच्या लेकीच्या फ्लॅटमध्ये त्यांनी मासे बघितले होते. ते म्हणाले, भिंत पुन्हा बांधायची तर मध्ये टाकी ठेवू, दोन्हीकडनं मासे दिसतील. वहिनींना कल्पना आवडली. मिस्त्रीला आवडली. एवढ्यावर काम सुरू झालं असतं तर चार दिवसांत संपलं असतं. पण मिस्त्रीनं विचारू नये तो प्रश्न विचारला : "सायेब, टाकी किती उंचीवर ठिवायची?"

मोजणीदारांनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं, निवृत्तीनंतर इतका चांगला प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

पहिल्यांदा वजन. टाकी चार फूट लांब, दीड रुंद, दोन उंच. बारा घनफूट. घनफुटाला सव्वाअठ्ठावीस लिटर, म्हणजे तीनशे चाळीस लिटर पाणी, तेवढेच किलो. वर बारा एमएमच्या काचा आणि तळाची वाळू. "साडेचार क्विंटल बसतंय," ते मला म्हणाले, "आणि हे बैलगाडीतनं कारखान्याला जाणार न्हाई, हे आयुष्यभर हितंच उभं ऱ्हाणार. साडेचार इंची भिंतीवर एक किलो टाकायचा न्हाई." म्हणून खाली नऊ इंची विटांचे दोन खांब, वर कडाप्पा, कडाप्पा आणि काच यांच्यामध्ये थर्माकोल. का, तर फरशीत सुताचा जरी उंचवटा असला तरी सगळा भार त्या एका जागी येतो आणि तळाची काच तडकते. टाकीच्या वर दीड फूट मोकळं, हात घालायला आणि दिवा बसवायला. इथपर्यंत माणूस शहाणाच होता. मी तर म्हणेन, नव्या घरात टाकी बसवणाऱ्या निम्म्या लोकांना एवढंही सुचत नाही.

मग उंचीवर आले. त्यांचा सिद्धांत असा की हॉलमध्ये माणूस बसलेला असतो, उभा नसतो. तेव्हा बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर टाकीची मधली रेघ आली पाहिजे. बसलेल्याचा डोळा किती उंचीवर असतो? हे पुस्तकात मिळालं असतं. पण पुस्तकातला माणूस कुरुंदवाडचा नसतो.

तेव्हापासून त्या घरात जाणं अवघड झालं. सोफ्यावर बसलं की, "जरा सरळ बघा. पाठ टेकून. हं, नेहमी बसताय तसं," आणि कानाजवळून टेप सर्रकन फरशीपर्यंत जायची. मग मागच्या भिंतीवर पेन्सिलची रेघ, रेघेपुढं कोण ते. माझी रेघ विमा एजंट आणि वाडीच्या एका पुजाऱ्याच्या मध्ये आहे. दूधवाला सोफ्यावर बसायला तयार होईना. "सायेब, वरवा घालायचा हाय अजून," म्हणून तो उंबऱ्यातच थांबला. त्याचं माप त्यांनी 'उभा, घाईत' असा शेरा मारून वेगळं लिहिलं. नातू सुट्टीला आला, त्याची रेघ चौतीसवर. ती पाहून ते दोन दिवस अस्वस्थ होते, कारण मुलासाठी टाकी खाली घ्यायची म्हटलं तर तो दर वर्षी वाढणार आणि कडाप्पा वाढणार नाही.

त्यातच पुतणीला बघायला मिरजेकडचं स्थळ आलं.

बैठक याच हॉलमध्ये, कारण गावात एवढा कोरडा आणि नवा हॉल दुसऱ्याचा नव्हता. मुलगा, आई-वडील, मामा आणि सोबत आलेले एक गंभीर गृहस्थ. पोहे झाले. मुलगी आली, बसली, दोन प्रश्न झाले. मी मोजणीदारांकडं बघत होतो. हात खिशात गेला होता, पण बाहेर येत नव्हता. वहिनींचा डोळा त्यांच्यावर होता. तेवढ्यात आतून कुणी हाक मारली म्हणून वहिनी उठल्या.

"पाव्हणं, जरा सरळ बघा."

मुलगा सरळ बघायला लागला. समोर पुतणी होती, त्यामुळं ती लाजली, तोही लाजला, आणि त्याच्या कानाजवळून टेप खाली गेली. मामा अर्धे उठले. "हे काय चाललंय?" मोजणीदारांनी टेपवर वाकून आकडा वाचला आणि मोठ्यानं सांगितला : "त्रेचाळीस." मग बायोडेटा उचलला. "हितं उंची पाच फूट सात लिवलीया. बरोबर असंल. पण बसल्यावर डोळा त्रेचाळीसला म्हंजे उंची सगळी पायात हाय."

बैठकीत जी शांतता पसरली ती सोबतच्या गंभीर गृहस्थांनी मोडली. त्यांनी विचारलं, "माझा किती येतोय बघा की." त्यांचा सत्तेचाळीस आला. ते इतके खूश झाले की परत जाताना गाडीत त्यांनीच स्थळाची बाजू लावून धरली, असं नंतर कळलं. लग्न ठरलं. पायांतल्या उंचीचा विषय मुलाकडच्यांनी पुन्हा काढला नाही.

सगळ्या रेघांची सरासरी साडेपंचेचाळीस आली. त्यातून टाकीची निम्मी उंची बारा वजा. कडाप्पा साडेतेहतीस इंचांवर. मोजणीदारांनी आकडा वहीत लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि सही केली. आता मिस्त्रीला बोलवायचं एवढंच राहिलं होतं.

पण त्याआधी ते इचलकरंजीला फिशटँकवाल्याकडं गेले, मलाही नेलं. दुकानातले तयार स्टँड सगळे अडीच फुटांचे. "अडीचच का?" दुकानदार काचेला सिलिकॉन लावत होता, त्यानं मान वर केली नाही. "सगळे अडीचच नेत्यात." "पण का? माशाला बरं पडतं? माणसाला? डोळ्याचा काय हिशेब?" "काका," तो म्हणाला, "लोखंडी अँगल वीस फुटांचा येतो. अडीच-अडीचचे आठ तुकडे पडतात. दोन स्टँडचे पाय. वाया काय जात न्हाई."

येताना बसमध्ये मोजणीदार बोलले नाहीत. माशांचे शौकीन ज्या उंचीवरून मासे बघतात ती उंची अँगलनं ठरवली आहे, ही गोष्ट त्यांच्या जिवाला लागली होती. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लास' लिहिला. त्यात माशांच्या जाती आहेत, त्यांना काय खाऊ घालावं ते आहे, गळ कसा टाकावा तेही आहे. मी म्हटलं, त्या राजानंही टाकीची उंची काही सांगितलेली नाही. ते म्हणाले, "राजे लोकांना काय, बसायला आसन आनि उचलायला मान्सं. त्यांचं शून्य ठरल्यालं असतंय."

गावात तोपर्यंत साडेतेहतीस फुटलं होतं. कट्ट्यावर हरकती दाखल व्हायला लागल्या. वास्तूवाला म्हणाला, उंचीचं राहू द्या, दिशा बघा, आणि मासे नऊ घ्या, आठ सोनेरी, एक काळा. तालमीतला एक म्हणाला, मोठ्ठा शार्क आणा. तो शार्क टाकीतल्या पाण्यापेक्षा लवकर वाढतो, हे त्याला कुणी सांगितलं नाही. पण खरी हरकत आली ती पुराची. "मोजणीदार, तुम्ही असून असं करालाय व्हय? टाकी 2019 च्या रेषेच्या वर न्हाई?"

यावर तावातावानं चर्चा झाली. एक बाजू म्हणे, माशाला पुराचं भ्यावं कशाला? दुसरी म्हणे, गोल्डफिश गढूळ पाण्यात टिकत नाही, मोटार जळते आणि टाकीच्या काठावरून पाणी गेलं की मासा गेलाच. "कुठं जाईल?" "कुठं म्हंजे? राजापूर बंधारा, तितनं फुडं थेट अलमट्टी." एकजण म्हणाला, मागच्या खेपेला आमच्या न्हाणीघरात चिलापी आपलीआपण आली होती, टाकी नव्हती की दिवा नव्हता, आणि बघायला खाली वाकावं लागत नव्हतं, कारण आम्ही पोटमाळ्यावर होतो.

मोजणीदारांनी 2019 ची रेषा धरून हिशेब करून बघितला. कडाप्पा नव्या फरशीपासून साडेचार फुटांच्या वर जात होता, टाकीचा काठ साडेसहाच्या. सोफ्यावर बसून माशांची फक्त पोटं दिसली असती. तरी त्यांनी तो पर्याय सरळ फेटाळला नाही. वहीत 'पर्याय ब' म्हणून ठेवला, कारण अलमट्टीचा निकाल लागायचा होता. धरणाची उंची 519.60 मीटर आहे ती 524.256 करायचा कर्नाटकचा विचार आहे. 2019 चा महापूर अलमट्टीमुळं आला नाही, असं वडनेरे समितीनं अहवालात म्हटलं, पण ती सुटका आमच्या कट्ट्यानं अजून मंजूर केलेली नाही. "त्यांचं ठरू दे," मोजणीदार म्हणाले, "मग माझा कडाप्पा ठरवतो." दोन राज्यांचं भांडण आणि एक फिशटँक असं एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर होतं.

मिस्त्री रोज सकाळी यायचा, विटा मोजायचा, विडी ओढायचा आणि जायचा. माणूस हुशार. साहेबांची उंची ठरत नाही हे लक्षात आल्यावर त्यानं रोजंदारी सोडून काम अंगावर घेतलं : खांबाच्या उंचीला फुटावर पैसे.

शेवटी वहिनींनी हात घातला. त्या एरवी कुणाच्या मोजणीत पडत नाहीत. त्यांची स्वतःची मापं वाटी, मूठ आणि चिमूट अशी आहेत आणि त्यांचा स्वयंपाक कधी बिघडत नाही. एक दिवस मोजणीदार अलमट्टीच्याच बैठकीसाठी शिरोळला गेले. वहिनींनी न्हाणीतली प्लास्टिकची बादली आणून मिस्त्रीपुढं ठेवली.

"ह्या टाकीतलं पाणी आठवड्याला कोण बदलणार?"

मिस्त्रीनं उत्तर दिलं नाही. गावात सगळ्यांना माहीत होतं.

"नळी टाकीत, दुसरं टोक बादलीत. म्हंजे टाकीचा तळ बादलीच्या काठावर पायजे, न्हाईतर पाणी येणार न्हाई. आनि माझा हात," त्यांनी पदर खोचून उजवा हात सरळ खाली सोडला, "काठावरनं आत घातल्यावर तळाच्या वाळूला लागला पायजे. स्टुलावर चढून मी शेवाळ घासणार न्हाई. या वयात."

मिस्त्रीनं त्यांच्या काखेपाशी, अदबीनं हातभर लांबून, टेप धरली. फरशीपासून काख पंचेचाळीस. "वैनी, टाकी दोन फूट उंच हाय. काठ पंचेचाळीसला धरला तर कडाप्पा एकवीसवर येतो. लई बुटका दिसंल. आनि दोन फूट खोल टाकीत तुमचा हात तळाला काय पोचायचा न्हाई."

"मग टाकी दीड फुटाची करा की. मासं काय उभं पोहत्यात व्हय?"

इतक्या दिवसांत टाकीची उंची कमी करायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. वहीत तिला कायमचा आकडा म्हणून धरलं होतं. टाकी दीड फुटाची म्हणजे नऊ घनफूट, पाणी अडीचशे लिटरच्या जरा वर, वजन शंभरावर किलोंनी कमी. आठवड्याला चौथाई पाणी बदलायचं म्हणजे चार बादल्या. वहिनींना तेवढ्या जमणार होत्या. पंचेचाळीसातून अठरा गेले, सत्तावीस राहिले. मिस्त्रीनं पारदर्शक नळीत पाणी भरलं, दोन्ही खांबांवर लेव्हल घेतली आणि दुपारपर्यंत कडाप्पा टाकून मोकळा झाला. टाकी लहान करायचा निरोप इचलकरंजीला फोनवरून गेला.

संध्याकाळी मोजणीदार परत आले तेव्हा मी तिथं होतो. मिस्त्रीनं मुद्दाम बोलावून घेतलं होतं, साक्षीदार म्हणून. हॉलमध्ये ओल्या सिमेंटचा वास. मोजणीदारांनी चप्पल काढली, काही न बोलता टेप काढली आणि कडाप्प्याच्या वरच्या कडेला टोक लावलं.

"सत्तावीस."

वहिनी आत कुकर लावत होत्या. शिट्टी झाली.

त्यांनी वही काढली. दोन रेघा मारलेला आकडा बघितला. मग पुन्हा कडाप्पा बघितला. मला वाटलं, आता पाडायला सांगतात. मिस्त्रीलाही तसंच वाटलं असणार, त्यानं थापी पिशवीत टाकली. मोजणीदार पायरी उतरून जेवणघरात गेले. तिकडून भिंतीतल्या भोकात त्यांचं डोकं दिसलं. टेप खाली गेल्याचा आवाज आला. बराच वेळ काही नाही. मग भोकातून आवाज आला, आणि त्या आवाजात सबंध नोकरी होती.

"साडेतेहतीस!"

आम्ही पलीकडं गेलो. टेप खरंच साडेतेहतीस दाखवत होती. हॉलची फरशी साडेसहा इंच उचललेली, जेवणघराची जुनीच. सत्तावीस आणि साडेसहा, साडेतेहतीस. वहीतला आकडा, सुताचाही फरक नाही.

"मी काडल्याला आकडा जुन्या फरशीपासनंच हुता," ते म्हणाले. तो नव्हता. सोफा हॉलमध्ये आहे, रेघा हॉलमध्ये आहेत, आणि टाकी दोन फुटांची धरली होती. पण खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाचं शून्य असं सहज हलतं, आणि हलवून झाल्यावर ते तिथंच होतं असं त्याला मनापासून वाटतं. "बगा सर, शून्य बरोबर धरलं की काम बरोबर येतंय. ह्यांना म्हाईत नसताना बी बरोबर आलं."

आतून वहिनी म्हणाल्या, "व्हय, व्हय. पान वाढलंय."

मिस्त्री तेवढा वेळ दारात उभा होता. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, विटांच्या बंडलाच्या कागदावर काहीतरी मांडलं आणि घसा खाकरला.

"सायेब, मग खांबाचं बिल बी साडेतेहतीसनंच लावू न्हवं?"